बारा व्होल्टनं काय होते, म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात सोलरबद्दल रोज काही ना काही येतं, सबसिडी किती मिळते, नेट मीटर कधी लागतं, कोणाचं बिल शून्य झालं वगैरे, आणि मी ते सगळं वाचते. पण गच्चीवरच्या त्या मोठ्या सोलरशिवाय जे छोटं बॅटरीवालं सोलर आपल्या नागपुरात जिन्याखाली, पानठेल्यात, दुकानात, शेतातल्या खोपडीत लागून राहिलंय ना, त्याच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही. आमचं घर त्याच छोट्या सोलरपायी जळता जळता राहिलं, म्हणून लिहिते. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कापा, फक्त कव्हर आणि फ्यूजचा भाग कापू नका.

आम्ही हुडकेश्वर रोडला राहतो, खाली माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिलाईचं दुकान, वर घर. उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की दुकानात बसवत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी गच्चीवर १६५ वॅटचे दोन पॅनल लावले, जिन्याखाली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती साठवते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी ठेवली आणि तिच्या वर भिंतीला ३० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर. त्याच्यावर दुकानातले लाईट आणि बॅटरीवर सरळ चालणारे दोन डीसी पंखे. लावणारा पोरगा ओळखीतलाच, कामाला चपळ, अर्ध्या दिवसात लावून मोकळा झाला आणि आम्ही पण खूश, पैसे दिले, चहा पाजला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधला तो डबा, ज्याच्यावर हिरवा लाईट किंवा छोटी स्क्रीन असते. पॅनलकडून येणारं करंट किती आत जाऊ द्यायचं, बॅटरी भरली की कधी थांबवायचं, हे तो बघतो. त्याच्या खालच्या बाजूला ओळीनं सहा स्क्रू असतात, दोन पॅनलचे, दोन बॅटरीचे, दोन लोडचे, म्हणजे लाईट-पंख्यांचे. स्क्रू एकमेकांपासून बोटभर अंतरावर, आणि आमच्याकडे ते सगळे उघडे होते. तीन वर्षं उघडे होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हे इथेच कबूल करते, कारण मी स्वतः पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई आहे. लग्नानंतर शिलाईत पडले, पण म्हणून ओहमचा नियम कुठे जात नाही. तरी रोज त्या डब्यासमोरून जा-ये करायची आणि बघायची नाही.

आता त्या दिवसाचं. मे महिना, दुपारचे तीन-साडेतीन, लाईट गेलेली. मिस्टरांनी मागच्या दिवाळीत जिन्याखाली किल्ल्यांचा स्टँड ठोकला होता, प्लायचा, घराच्या आकाराचा, त्याला हुक. बरोब्बर कंट्रोलरच्या वर, कारण तिथे आधीच एक खिळा होता. सासूबाईंनी दार जरा जोरात ओढलं आणि स्कूटीच्या किल्लीचा जुडगा हुकावरून निसटून थेट कंट्रोलरच्या स्क्रूंवर पडला. मी चार पावलांवर मशीनवर होते. आधी "चट्ट" असा आवाज आला, चाबूक मारल्यासारखा, आणि निळा-पांढरा उजेड, वेल्डिंगच्या दुकानात होतो ना तसा. जुडगा उडून खाली पडला. मला वाटलं संपलं. पण संपलं नव्हतं. प्लस आणि मायनस दोन्ही वायर एकाच केसिंग पट्टीतून खाली बॅटरीपर्यंत आणल्या होत्या, त्या एवढ्या एका सेकंदात इतक्या तापल्या की वरचं प्लास्टिक मऊ पडलं आणि आतली तार तारेला लागली. आता किल्लीची गरजच नव्हती. पट्टी वाकायला लागली, काळा धूर, मग छोटी ज्योत, आणि ती ज्योत वर त्या प्लायच्या घराला लागली, म्हणजे आमच्या किल्ल्यांचं घर आमच्या घराआधी पेटलं.

मिस्टर मेन स्विचकडे धावले आणि बंद केला. आता हसू येतं, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही की लाईट तर आधीच गेलेली होती आणि बॅटरीला मेन स्विचशी काही घेणंदेणं नाही. तिला बंद करायला काहीच नव्हतं. ना स्विच, ना फ्यूज, ना एमसीबी (जास्त करंट आलं की आपोआप पडणारा तो स्विच). शेवटी बॅटरीच्या थिंबलजवळ (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा) तारच वितळून तुटली तेव्हा ते थांबलं, म्हणजे आमच्याकडे फ्यूज नव्हता तर वायरच फ्यूज झाली. मी दारातली कोरफडीची कुंडी उचलून सगळी माती त्या प्लायवर फेकली. शेजारी ब्लाऊजपीसचे गठ्ठे होते, दीड हाताच्या अंतरावर. जास्त काही लिहीत नाही.

ती किल्ली मी ठेवली आहे. तिचे पुढचे दोन दात वितळून गोल झालेत, एका बाजूला तांब्याचा बारीक थेंब चिकटलाय. बारा व्होल्टच्या बॅटरीनं लोखंडाची किल्ली वितळवली हे दुकानात येणाऱ्या बायकांना दाखवलं की त्या आधी किल्लीकडे बघतात मग माझ्याकडे, आणि म्हणतात, "पण बारा व्होल्टनं तर शॉक पण लागत नाही ना ताई?"

इथेच सगळी गडबड आहे. शॉक लागत नाही हे खरंय, कोरड्या हातानं बारा व्होल्टचे दोन्ही टोक धरले तरी काही कळत नाही. शॉक व्होल्टेजमुळे लागतो, पण आग करंटमुळे लागते. वेल्डिंग मशीनचा जाळ तर वीस-तीस व्होल्टवरच चालतो, पण करंट शंभर अँपिअरच्या वर, म्हणून लोखंड वितळतं. आणि आपली घरातली इन्व्हर्टरवाली बॅटरी शॉर्ट झाली तर किती देते? मी नंतर वहीत हिशेब मांडला. बॅटरीच्या आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, काही मिलिओहम (ओहमचा हजारावा भाग), आमची चार स्क्वेअरची (चार चौरस मिलिमीटरची) वायर जाऊन-येऊन तीन मीटर, तिचे तेरा-चौदा मिलिओहम, सगळं मिळून वीसच्या आसपास. ओहमच्या नियमानं व्होल्टला रेझिस्टन्सनं भागलं की करंट, म्हणून बारा भागिले शून्य पूर्णांक शून्य दोन, सहाशे अँपिअर. किल्लीचा टेकाव धड नव्हता म्हणून पाचशे धरा. चार स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरला पाचशे अँपिअर दिले तर तिचं पीव्हीसी एका सेकंदाच्या आत हात टेकतं. म्हणजे मिस्टर पळाले काय, उभे राहिले काय, वेळ नव्हताच. लिथियमची बॅटरी असती तर आणखीच, तिचा आतला रेझिस्टन्स त्याहून कमी, तिच्यातलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) वेळेवर तोडेल एवढीच आशा.

गंमत म्हणजे लोक घाबरतात पॅनलला. गच्चीवर जाऊ नको, करंट आहे, असं पोरांना सांगतात. पॅनल बिचारा शॉर्ट केला तरी जेवढं रोज देतो त्याच्यापेक्षा थोडंसंच जास्त देतो, आमचा एक पॅनल साडेनऊ-दहा अँपिअर, बस. ऊन तेवढंच करंट. डेंजर आहे ती जिन्याखाली गुपचूप बसलेली बॅटरी, जिच्यावर आपण पेपरची रद्दी ठेवतो. (तुमचाच पेपर, माफ करा.)

दुसऱ्या दिवशी मी लावणाऱ्या पोराला फोन केला. नाव-गाव, दुकान काही लिहीत नाही, कारण त्यानं आमच्याशी वेगळं काही केलं नाही, सगळीकडे असंच करतात. तो म्हणतो, "ताई, बारा व्होल्टनं काय होते जी? किल्ली पडली म्हणून झालं, नाहीतर काई होत नाई." मी म्हटलं याच्यावर कव्हर नसतं का. तर म्हणे, "येते ना, पण ते ट्रान्सपोर्टसाठी असते." मग मी माळ्यावर चढले. आमच्या घरात कोणतंही खोकं फेकत नाहीत, टीव्हीचं, मिक्सरचं, सगळी माळ्यावर, सासूबाईंचा नियम, त्याला मी वीस वर्षं नावं ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा कामी आला. कंट्रोलरच्या खोक्यात थर्माकोलच्या खाली एक काळी प्लास्टिकची पट्टी, वीतभर लांब, आणि बारक्या पुडीत दोन स्क्रू. तेच कव्हर. त्या सहा टर्मिनलवर झाकण म्हणून बसायचं. कंपनीनं दिलं होतं, पैसे आम्ही भरले होते, आणि ते तीन वर्षं थर्माकोलखाली झोपलं होतं.

का लावलं नाही ते पण मग कळलं. त्या कव्हरला खाली वायरसाठी पातळ खिडक्या असतात, त्या पकडीनं तोडून वायर आत घ्यावी लागते. जाड वायर असली तर ती वाकवून सरळ खालून आणावी लागते, तिरपी चालत नाही. म्हणजे दहा मिनिटांचं जास्तीचं काम. आणि या पोरांना एका दिवसात तीन-तीन साईट करायच्या असतात. मी त्याच्यावर फार चिडत नाही. मी चिडते ती आपल्यावर, की कोटेशन घेताना आपण पॅनल किती वॅट, बॅटरी किती महिन्याची गॅरंटी एवढं विचारतो, आणि "दोन हजार कमी कर" म्हणतो, मग तो ते दोन हजार कुठून कमी करणार? फ्यूजमधून, डब्यामधून, वायरच्या जाडीमधून. दिसत नाही तिथून.

आता फ्यूजचं नीट सांगते, कारण याच्यात चांगले चांगले इलेक्ट्रिशियन गोंधळलेले पाहिले. तो पोरगा मला म्हणाला होता, "ताई, कंट्रोलरमध्ये फ्यूज आहे आतून." होता, खरंच होता. पण शॉर्ट झाला कंट्रोलरच्या बाहेर, स्क्रूवर, म्हणजे बॅटरी ते स्क्रू या वाटेत. आतला फ्यूज त्या वाटेत येतच नाही. पाण्याचा पाईप टाकीजवळ फुटला आणि तुम्ही किचनचा नळ बंद केला तर काय होणार? कॉक टाकीजवळ पाहिजे. तसा फ्यूज बॅटरीच्या प्लस थिंबलच्या जवळ पाहिजे, वीतभर अंतरात, म्हणजे बॅटरीपासून निघालेली वायर लगेच फ्यूजमधून जाते आणि पुढे कुठेही किल्ली पडो, उंदीर कुरतडो, फ्यूज उडतो आणि खेळ खलास. फ्यूज कंट्रोलरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, म्हणून वायर झेपेल त्यापेक्षा फ्यूज मोठा नको. आमचं पॅनलचं करंट सगळं मिळून वीसच्या आत, आता वायर सहा स्क्वेअरची टाकली आणि फ्यूज ३० चा.

कोणता फ्यूज, तर काचेची ती बारीक नळी नको, एवढ्या मोठ्या शॉर्टला ती आतल्या आत जाळ धरू शकते. कारमध्ये असतो तो रंगीत पात्याचा फ्यूज घ्या, त्याच्यावर ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे १२ आणि २४ च्या बॅटरीला ठीक, ४८ च्या सिस्टीमला नाही, तिला वेगळा. आणि फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार गुंडाळणारे महाभाग आपल्याकडे घराघरात आहेत, त्यांना कोपरापासून दंडवत.

एमसीबीचं पण असंच. एका ओळखीच्यांनी गच्चीवरून येणाऱ्या पॅनलच्या वायरला घरातला साधा एमसीबी लावला, जो पंखा-लाईटला असतो. तो एसीचा, म्हणजे घरच्या लाईनच्या उलटसुलट वाहणाऱ्या करंटचा. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं, म्हणून स्विच उघडला की ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीत, म्हणजे पॅनल-बॅटरीच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटमध्ये, शून्य येतच नाही, ठिणगी धरून ठेवते, ताणली जाते पण तुटत नाही. एका बारा व्होल्टच्या पॅनलला तो एसीचा एमसीबी निभावूनही नेईल, मी उगाच घाबरवत नाही, पण दोन-तीन मोठे पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले, नव्वद-शंभर व्होल्ट झाले, आणि उन्हात भर दुपारी तो एमसीबी पाडला तर आतल्या आत जळू शकतो. डीसीचा एमसीबी वेगळा मिळतो. त्याच्यावर बऱ्याचदा प्लस-मायनस लिहिलेलं असतं, उलटा जोडला तर त्याचा उपयोग नाही, हे दुकानदार पण सांगत नाही.

बरं, कव्हर लावा म्हटलं की आपल्याकडे दुसरं टोक गाठतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी माझी किल्ली पाहिली आणि घाबरून घरी जाऊन त्यांचा कंट्रोलर अख्खा प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केला, पोहे-चिवडा भरायचा असतो तसल्या. वर टेप मारला. आठवड्यानं मला म्हणतात, "दुपारी बारा वाजले की चार्जिंगच बंद पडते, खराब झाला वाटते." खराब नव्हता झाला, गुदमरत होता. कंट्रोलरच्या मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यातून गरमी बाहेर जाते, वर-खाली वीतभर मोकळी जागा लागते हवा खालून वर जायला. तो नीट उभा लावायचा, आडवा नाही. झाकायचे फक्त स्क्रू, अंग उघडं ठेवायचं. आपल्याकडे तर हे जास्तच, नागपूरला २०१३ च्या मे मध्ये ४७.९ पारा गेला होता, आणि २०२४ मध्ये हवामान खात्याच्या एका यंत्रानं ५६ दाखवलं तेव्हा तर देशभर बातमी झाली, मग सेन्सर बिघडला होता म्हणून सांगितलं. आमच्या जिन्याखाली कोणी सेन्सर ठेवला असता तर बिघडायची गरज पडली नसती असं मिस्टर म्हणतात.

गरमीवरून आठवलं, बॅटरीला पण हे लागू आहे. लेड-अ‍ॅसिड, म्हणजे आमच्यासारखी पाणी घालायची, बॅटरी किती व्होल्टला भरायची हा आकडा २५ डिग्रीचा असतो. त्याच्यावर प्रत्येक डिग्रीला बारा व्होल्टच्या बॅटरीला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात, म्हणजे ४५ डिग्रीला जवळपास अर्धा व्होल्ट कमी. चांगल्या कंट्रोलरला वायर असलेला एक छोटा सेन्सर येतो, तो बॅटरीला चिकटवायचा. आमचा तो सेन्सर कुठे सापडला असेल? बरोबर, थर्माकोलखाली. तो नसला की उन्हाळाभर बॅटरी जास्तीची चार्ज होते, पाणी उडतं, आणि पाणी उडतं म्हणजे हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं भडकतो. आता विचार करा, बॅटरी खाली, तिच्या बरोब्बर वर कंट्रोलर, त्याचे स्क्रू उघडे, आणि जिन्याखाली हवा खेळत नाही. आमच्याकडे त्या दिवशी दार उघडं होतं म्हणून वाचलो, दुसरं काही नाही. आता कंट्रोलर बाजूच्या भिंतीला घेतलाय, बॅटरीच्या डोक्यावर नाही.

हिवाळ्याचं उलटं. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, हे लोकांना खरं वाटत नाही. मोठ्या पॅनलवर मागे ४६ व्होल्ट लिहिलं असेल तर ते २५ डिग्रीचं. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात ३.५ डिग्री झालं होतं, तशा सकाळी ऊन पडल्या पडल्या तोच पॅनल ४९ च्या आसपास जातो. कंट्रोलरची लिमिट ५० ची असेल तर तुम्ही एका व्होल्टवर जगताय. एक जास्तीचा पॅनल सिरीजला जोडला की गेला, आणि "माल खराब निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडण.

माझा भाऊ काटोलकडे असतो, संत्र्याची बाग. त्याच्याकडे आणि आजूबाजूला रानडुक्कर आणि रोह्यांपायी (नीलगायी) सगळ्यांनी कुंपणाच्या तारेला झटका देणारं झटका मशीन लावलंय, त्याच्यात पण हेच सगळं, पॅनल, बॅटरी, कंट्रोलर, फक्त जिन्याऐवजी बांधावरच्या खांबाला. तिथे तर किल्लीची गरज नाही, ऊब बघून पाल येऊन बसते, मुंग्या घर करतात, पावसाळ्यात वायरवरून पाणी ओघळत थेट डब्यात जातं. त्याला मी सांगितलं, डबा आयपी ६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, घे, वायर वरून किंवा बाजूनं नाही तर खालून ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) आत घे, आणि आत जायच्या आधी वायरला खाली एक झोळ दे, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल. झोळ द्यायला एक रुपया लागत नाही. पण असा बंद डबा घेतला तर तो सावलीत पाहिजे आणि कंट्रोलरच्या मानानं चांगला ऐसपैस पाहिजे, नाहीतर काकांच्या चिवड्याच्या डब्यासारखं होईल. आणि मेहेरबानी करून झटका मशीनच्या जागी घरची लाईन सरळ कुंपणात सोडू नका, विदर्भात त्याच्यात माणसं पण मेलीत आणि वाघ पण. हे विषय सोडून झालं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

स्क्रूचं राहिलं. उघडा स्क्रू जेवढा वाईट तेवढाच ढिला स्क्रू. वायरचे बारीक तंतू सरळ स्क्रूखाली घातले की ते हळूहळू दबतात आणि महिन्याभरात स्क्रू ढिला होतो. ढिल्या जागी नुसता शून्य पूर्णांक शून्य पाच ओहम झाला आणि वीस अँपिअर गेले तर तिथे वीस वॅट गरमी. वीस वॅट म्हणजे किती, तर माझ्या डिप्लोमाच्या वेळची सोल्डरिंग गन पंचवीस वॅटची होती. ती सोल्डरिंग गन कोणी रोज दुपारी सहा तास प्लास्टिकमध्ये खुपसून ठेवली तर? म्हणून टोकाला लग, म्हणजे तेच थिंबल, दाबून घ्या आणि लावल्यानंतर पंधरा दिवसांनी एकदा सगळे स्क्रू आवळा. आवळताना आधी पॅनल तोडायचा, मग बॅटरीचा फ्यूज काढायचा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. उलटं केलं, पॅनल चालू ठेवून बॅटरी काढली, तर बऱ्याच कंट्रोलरला ते झेपत नाही. आणि हातातली अंगठी, कडं काढून ठेवायचं. माझ्या बांगड्या काचेच्या म्हणून ठीक, पण पाटल्या असतात त्यांनी.

सगळं परत करायला मला किती खर्च आला ते सांगते. बर्डीच्या बाजारात गेले, फ्यूज होल्डर आणि चार फ्यूज, पॅनलसाठी एक डीसी एमसीबी, लग, सहा स्क्वेअरची लाल-काळी वायर, आणि नेमप्लेटवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा कापून, कारण ते मूळ कव्हर खिडकी तोडताना माझ्याकडूनच चिरलं. एकूण चौदाशे चाळीस रुपये, रिक्षाचे वेगळे. प्लस आणि मायनस आता दोन वेगळ्या पट्ट्यांतून. कंट्रोलर मात्र नवा घ्यावा लागला, ते सांगत नाही किती.

दुकानदाराला मी विचारलं, बॅटरीजवळ लावायला असे फ्यूज होल्डर रोज किती जातात? तो हसला, म्हणे, "गाडीवाले नेतात ताई, डेकवाले. सोलरवाला कोणी मागत नाही." गाडीत गाणी वाजवणाऱ्या पोरांना जे कळतं, ते आपल्याला घरासाठी कळू नये?

आता माझं मुख्य म्हणणं. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, त्याचे नियम आहेत, महावितरणकडून तपासणी होते मग मीटर लागतं. डीसीचा डबा, एसीचा डबा, अर्थिंग, विजेपासून बचावाचं सगळं त्यात बघितलं जातं, निदान कागदावर तरी. पण आमचं हे छोटं बॅटरीवालं सोलर कोणाच्याच खात्यात नाही. त्याला मीटर नाही, अर्ज नाही, सबसिडी नाही, म्हणून तपासायला पण कोणी नाही. एक पोरगा, एक पकड, एक टेस्टर. आणि हे लावतात कोण, तर ज्यांना मोठं परवडत नाही ते, भाड्याच्या घरातले, ठेलेवाले, शेतकरी. ज्यांच्या घराला आग लागली तर परत उभं करायला काही नसतं ते.

मी कुठला मोठा कायदा मागत नाही. दुकानदारांनी कोटेशनमध्ये पॅनल आणि बॅटरीच्या खाली दोन ओळी लिहाव्यात, बॅटरीजवळचा फ्यूज किती अँपिअरचा आणि टर्मिनल कव्हर लावलं की नाही. आयटीआयच्या पोरांना घरगुती वायरिंग शिकवतात तशी एक दिवस ही बॅटरीची वायरिंग शिकवावी, आणि शिकवताना एखादी जुनी किल्ली सगळ्यांसमोर शॉर्ट करून दाखवावी, गॉगल घालून, अंतर ठेवून, मग कोणी "बारा व्होल्टनं काय होते" म्हणणार नाही. आणि वाचकांनी आज संध्याकाळी आपल्या कंट्रोलरच्या खाली वाकून बघावं. स्क्रू दिसले तर माळ्यावर खोकं शोधावं. खोकं फेकलं असेल तर अ‍ॅक्रिलिक, नाहीतर बेकलाईटचा तुकडा, काही नाही तर स्विचबोर्डाची जुनी प्लेट, पण लोखंड-पत्रा नको, आणि कागदाचा पुठ्ठा तर अजिबात नको.

पूर आला होता २३ सप्टेंबर २०२३ ला, तेव्हा अंबाझरीकडे आमच्या मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि तिची बॅटरी जमिनीवर. तिनं आता ती लाकडी स्टुलावर ठेवलीय. मी म्हटलं मावशी, फ्यूज? तर म्हणते, स्टूल आहे ना. तिच्याकडे या रविवारी जातेय, फ्यूज होल्डर घेऊन.

सोबत दोन फोटो पाठवते, एक वितळलेल्या किल्लीचा, एक कव्हर लावलेल्या कंट्रोलरचा. जागा एकाचीच असेल तर कव्हरचा छापा. लोकांना किल्लीचा जास्त आवडेल हे मला माहीत आहे, पण कव्हर कसं दिसतं हेच कोणाला माहीत नाही.

नाव छापू नये ही विनंती, गिऱ्हाइकं आधीच विचारून विचारून हैराण करतात.

आपली,
एक वाचक,
हुडकेश्वर रोड, नागपूर